दशांशानंतरची दलदल

१

समितीच्या सोळा पानी अहवालात ‘खोटं’ हा शब्द कुठेच नव्हता. भाषा अगदी सभ्य होती. ‘नोंदी प्रत्यक्ष भेटीवर आधारित असल्याचे दिसत नाही,’ एवढंच शेवटच्या पानावर लिहिलं होतं. पण वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळत होतं. वनस्पती विभागातल्या ताईंनी अकरा वर्षं दलदलीत फिरून केलेली एका दुर्मिळ फुलाच्या चारशे बारा रोपांची यादी मुळात टेबलाशी बसून रचली होती, असा त्याचा सरळ अर्थ होता.

ताई उत्तर द्यायला नव्हत्या. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

उत्तर मागायला आले ते त्यांचे यजमान. जहाजावर इंजिनियर म्हणून आयुष्य काढलेले, आता निवृत्त. विभागात सगळे त्यांना इंजिनियरसाहेबच म्हणत. त्यांनी अर्ज केला, दोनदा केला, तेव्हा समितीनं दहा दिवस दिले आणि तपासायला बाहेरचा माणूस नेमला. तो माणूस म्हणजे काटेबाई.

काटेबाई वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी दुकानांतले, कारखान्यांतले, दवाखान्यांतले काटे तपासले. कुठल्या काट्याच्या पोटात कुणी शिशाचा तुकडा चिकटवलाय हे त्या नुसत्या पारड्याच्या हलण्यावरून ओळखायच्या, असं लोक सांगत. त्यातलं निम्मं खरं होतं. नाव मात्र चिकटलं ते कायमचं.

“दहा दिवसच का?” त्यांनी विचारलं.

“फूल दहा दिवसांनी येतं,” इंजिनियर म्हणाले. “बोटभर उंचीचं, पांढरं. आठ दिवस राहतं. एरवी ते रोप गवतात गवतासारखंच दिसतं, शोधून सापडत नाही. या खेपेला तिथे ते आहे हे दाखवलं नाही, तर दलदलीचं पाणी काढून रस्ता नेणार आहेत.”

“मागच्या वर्षी समिती गेली होती ना तिथे?”

“गेली होती. माझ्या बायकोच्या यादीतली वीस ठिकाणं घेतली. प्रत्येक ठिकाणी तीन-तीन मीटरचं वर्तुळ आखून गवताची पातीन् पाती बघितली. एक रोप सापडलं नाही.” त्यांनी पिशवीतून अहवाल काढला. “बाई, ती माझ्याशी भांडायची, रुसायची, महिना महिना बोलायची नाही. पण खोटं तिला यायचंच नाही. शिकवलं असतं तरी जमलं नसतं.”

त्यांनी अहवालाला जोडलेला नकाशा टेबलावर पसरला. काटेबाईंनी चष्मा चढवला आणि खाली वाकल्या. दलदलीवर वरून खालपर्यंत समांतर रेघा होत्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, मागावर ताणलेल्या सुतासारख्या.

“या उभ्या रेघा कुणी मारल्या?”

“कुणीच नाही,” इंजिनियर म्हणाले. “तीच तर तिची रोपं आहेत.”

२

नकाशा काढणारे विभागातलेच संशोधक होते. वयानं ताईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, म्हणून ‘छोटे डॉक्टर’. ताईंच्या जागेवर आता ते बसत. संशय घ्यायचा तर इथून सुरुवात करावी, असा माणूस.

“मला काय वाटलं असेल याचा विचार करा,” ते म्हणाले. “चिखलात पाय कसा टाकायचा हेसुद्धा त्यांनी मला शिकवलं. समितीनं नकाशा मागितला म्हणून मी फाइल उघडून ठिपके टाकले, आणि ठिपके ओळीत उभे राहिले. रोपं कधी कवायत करतात का? आणखी एक बघा. नऊ ठिकाणी दोन-दोन रोपं एकाच बिंदूवर आहेत. एकावर एक. हे कसं शक्य आहे?”

“मग तुम्ही काय केलंत?”

“तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सांगितलं. न सांगता राहिलो असतो तर तेही खोटंच झालं असतं.”

काटेबाईंना हे उत्तर आवडलं, पण आवडलेल्या उत्तरांवर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती.

“मूळ फाइल कुठे आहे?”

“हीच. विभागाच्या संगणकावर एवढी एकच आहे.”

साहेबांच्या खोलीत त्याचं कारण समजलं. विभागप्रमुख साहेब सारखे घड्याळाकडे बघत बोलत होते. ताई गेल्यावर त्यांचा लॅपटॉप आणि ठिकाण नोंदवायचं यंत्र नियमाप्रमाणे परत घेतलं, पुसलं, दुसऱ्याला दिलं. त्याआधी यादी तेवढी विभागाच्या संगणकावर उतरवून घेतली.

“वह्या?”

“त्या वह्या वापरायच्या नाहीत. चिखलात वही टिकत नाही म्हणायच्या. सगळं यंत्रावर.” साहेबांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. “हे बघा बाई, रस्ता व्हावा असं मला वाटतं, हे मी लपवत नाही. माझी आई त्या बाजूला राहते, दवाखान्यात पोचायला तिला दोन तास लागतात. पण म्हणून मी मेलेल्या बाईची यादी बिघडवीन का? आणि बिघडवायचीच असती, तर पुसून टाकली असती. ओळीत कशाला लावली असती?”

हेही बरोबर होतं. काटेबाई जिना उतरून तळमजल्यावर गेल्या. तिथे वाळवलेल्या वनस्पतींची खोली होती. भिंतीभर लोखंडी कपाटं, कापूर आणि जुन्या कागदाचा मिसळलेला वास. सगळ्या किल्ल्या कमरेला लावून बसलेल्या बाईंना विभाग ‘कपाटकाकू’ म्हणत असे.

काकूंनी खुर्ची पुसून दिली, मग टेबल पुसलं, मग स्वतःच्या हाताला काम राहिलं नाही म्हणून किल्ल्या सारख्या केल्या.

“ताई माझ्याकडे जेवायला बसायच्या, रोज, त्या कोपऱ्यात,” त्या म्हणाल्या. “बाहेर मुक्कामी असल्या की मी त्या खुर्चीवर काही ठेवायची नाही. अजून नाही ठेवत. मनुष्य कधी परत येईल सांगता येत नाही, अशी सवय लागलेली. आता येणार नाही हे डोक्याला कळतं, हाताला नाही कळत.”

“कामाला कशा होत्या?”

“काम सोन्यासारखं. टापटीप मात्र नावाला नाही. पाकिटं माझ्या पुढ्यात ओतायच्या, क्रमानं मी लावायची. त्यांचं सगळंच तसं, एका दमात, एका ओळीत, मध्ये श्वास नाही. मी म्हणायची, ताई, जरा नीट मांडा हो, उद्या कुणी वाचेल.”

काटेबाईंनी वही मिटली. पण वर जाऊन त्यांनी फाइल पहिल्यांदा उघडली, तेव्हा त्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. प्रत्येक रोपाची नोंद वेगळी होती. त्याखाली खुणेचा क्रमांक, तारीख, अक्षांश, रेखांश, उंची, एकाखाली एक, समासापासून सारखं अंतर सोडून. शाळेतल्या पहिल्या नंबरच्या मुलीची वही असावी तशी.

श्वास न घेता लिहिणाऱ्या बाईंची ही फाइल नव्हती.

३

त्या जागेचे पूर्ण आकडे इथे लिहीत नाही. फूल उपटून नेणारे लोक सगळीकडे असतात. एवढं सांगितलं तरी पुरे की तिथल्या अक्षांशात दशांशचिन्हाच्या आधी दोन आकडे येतात आणि रेखांशात तीन.

काटेबाईंनी फाइल छापून घेतली आणि दोन दिवस घरी शिसपेन्सिल घेऊन बसल्या. जमिनीवरचा हिशोब त्यांनी समासात लिहून ठेवला होता. रेखांशाचा एक अंश तिथे साधारण शंभर किलोमीटर. म्हणजे पहिला दशांश दहा किलोमीटर, दुसरा एक, तिसरा शंभर मीटर, चौथा दहा, पाचवा एक मीटर. बोटभर रोप पुन्हा सापडायचं तर पाच आकडे हवेतच.

फाइलमध्ये रेखांशाला तीनच होते. म्हणून रेघा शंभर-शंभर मीटरवर पडल्या होत्या. रोप कुठेही असो, ते सरकून जवळच्या रेघेवर उभं राहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी छोट्या डॉक्टरांना बोलावलं.

“अक्षांशाला दशांश किती आहेत?”

डॉक्टरांनी बघितलं. “चार.”

“आणि रेखांशाला तीन. असं का? आळशी माणूस दोन्हीकडे सारखाच आळस करतो. लबाड माणूस तर जास्त आकडे लिहितो, खरं वाटावं म्हणून. मग अक्षांशाला एक आकडा जास्त देऊन रेखांशाला कमी देणारा हा कोण?”

डॉक्टरांनी कागद जवळ ओढला.

“चिन्ह विसरा. पुढचे-मागचे सगळे आकडे एकत्र मोजा.”

त्यांनी मोजले. अक्षांश, दोन आणि चार, सहा. रेखांश, तीन आणि तीन, सहा. पुढचं रोप, सहा. त्याच्या पुढचं, सहा.

“इथे पाचच आहेत,” डॉक्टर एकदम म्हणाले.

“सोडा ते, आणखी मोजा. दहात एखादा असा पाचाचा सापडतो. शेवटचा आकडा शून्य आला की तो गळतो. माणूस शून्य लिहील किंवा नाही लिहिणार, पण चारशे नोंदींत एकदाही चुकणार नाही असं होत नाही.” काटेबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “हा माणूस नाही डॉक्टर. हे एक माप आहे, सहा आकड्यांचं. आकडा आला की सहा मोजून घेतं, सातव्याकडे बघून सहावा सारखा करतं आणि बाकीचं सांडून देतं. अकरा पूर्णांक पाच सेंटिमीटर उंची त्यात सुखरूप बसते, कारण ते तीनच आकडे. ताईंच्या यंत्राचे नऊ-दहा आकडी अक्षांश-रेखांश बसले नाहीत.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. तो सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, “म्हणजे मी त्यांना...”

“तुम्ही जे दिसलं ते सांगितलंत. आता मला एक सांगा. रोपाच्या मुळाशी ताई पत्र्याची बारीक चकती पुरायच्या, तिच्यावरचा क्रमांक छापील असतो ना?”

“हो. आठ आकडी. चकत्यांची माळच मिळते, क्रमानं एकामागून एक.”

“आठ आकडी,” काटेबाई म्हणाल्या. “मग माप सहाचं असताना हा आठ आकडी क्रमांक या फाइलमध्ये पुरा कसा राहिला?”

४

तो पुरा राहिला नव्हता. तो कुणीतरी परत भरला होता, आणि भरताना चुकला होता. ४१२ चकत्या क्रमानं असायला हव्या होत्या. फाइलमध्ये शेवटी १४२ असलेला क्रमांक दोनदा होता आणि १४३ नव्हताच. यंत्र असं अडखळत नाही. हात अडखळतो.

काटेबाई खाली गेल्या. “काकू, चकती १४२ चं पाकीट दाखवता? आणि १४३ चं.”

काकूंनी किल्ली लावली. प्रत्येक रोपाचं एक वाळलेलं पान पाकिटात असे, आणि पाकिटावर चकतीचा क्रमांक. १४२ चं पाकीट निघालं. त्याच्या मागचं पाकीट निघालं, तर त्यावरही १४२. आधीच्या सगळ्या पाकिटांवर ताईंचं पळतं अक्षर होतं. या एकावर मात्र गोल, सावकाश अक्षर होतं.

“हे पाकीट भिजलं होतं,” काकू म्हणाल्या. “सहा-सात वर्षं झाली. मी नवीन केलं. मागचं बघून उतरवलं वाटतं.”

“असं होतं.”

काटेबाईंनी आणखी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साहेब, डॉक्टर, काकू आणि इंजिनियर यांना विभागाच्या संगणकापाशी बोलावलं. त्यावर एक जुना प्रोग्राम होता. पूर्वीच्या एका संगणकवाल्यानं तो बनवला होता आणि त्याचं नाव ‘नीटस’ ठेवलं होतं. विस्कटलेली यादी त्यात टाकली की ती समास सोडून, ओळी पाडून, नीट मांडून जुनीच्या जागी परत मिळे, आणि जुनी पुसली जाई.

“मी माझी एक यादी आणली आहे,” त्या म्हणाल्या. त्यांनी एका ओळीत दोनच आकडे लिहिले. एका वजनाचं माप, १२३.४५६७८९१. आणि आठ आकडी एक क्रमांक, चकतीसारखा, ३०४१७१४२. मग त्यांनी नीटसचं बटण दाबलं.

यादी सुरेख मांडली गेली. पहिल्या ओळीत १२३.४५७ उरलं होतं. दुसऱ्या ओळीत क्रमांक नव्हताच. तिथे ३.०४१७१ होतं आणि त्याला इंग्रजी ई आणि सात चिकटले होते.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“मोठी संख्या सहा आकड्यांत कोंबली की यंत्र अशी लिहितं. चारशे बारा क्रमांक सगळे जवळजवळ असेच दिसले असणार, जुळ्यांसारखे. ज्यानं यादी नीट करायला घेतली, त्याला ते बघून घाम फुटला असेल. त्यानं खरे क्रमांक परत हातानं भरले. कुठून बघून भरले? पाकिटांवरून. कारण पाकिटावरची चूक फाइलमध्ये तशीच आली आहे. रेखांश मात्र आखूड झालेत हे त्याला दिसलं नाही. आखूड झालेला दशांश दिसायला व्यवस्थितच असतो.”

कुणी काकूंकडे बघितलं नाही. काकूच बोलल्या, खाली बघत.

“मला वाटलं, मोठ्या माणसांपुढे जाणार ती यादी. ताईंच्या नावाची शेवटची वस्तू. अशी विस्कटलेली कशी द्यायची? आयुष्यभर मी त्यांच्या मागे लागायची, नीट मांडा, नीट मांडा. म्हटलं आता तरी मांडून देऊ.” त्यांचा आवाज अगदी साधा होता. “क्रमांक बिघडले तेव्हा तीन दिवस बसून भरले. सगळं ठीक झालं असं वाटलं. मग तो नकाशा आला. तेव्हा कळलं की कुठेतरी माझंच काहीतरी... पण काय ते कळेना. आणि विचारायचं कुणाला? विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.”

“वर्षभर लोक तिला खोटारडी म्हणत होते,” इंजिनियर म्हणाले.

“हो,” काकू म्हणाल्या. “मी रोज त्या खुर्चीसमोर बसून जेवत होते.”

इंजिनियर खिडकीकडे वळून म्हणाले, “तुम्ही निदान तिच्यासाठी काहीतरी करायला गेलात. मी तेही नाही केलं.”

५

काकूंनी स्वतःच्या अक्षरात समितीला पत्र लिहिलं. समितीनं सोळा पानं मागे घेतली, तितक्याच सभ्य भाषेत. पण शेवटी एक वाक्य जोडलं, ‘रोपांचे अस्तित्व मात्र सिद्ध होणे बाकी आहे.’

फुलं यायला तीन दिवस उरले होते.

“गेलेले आकडे परत काढता येतील का?” इंजिनियरांनी विचारलं. ते काटेबाईंच्या घरी आले होते. चहा पुढ्यात निवत होता.

“नाही. सांडलं ते सांडलं. या आकड्यांत ते कुठेही लपलेले नाहीत. दुसरीकडे कुठे लिहिलेले असले तरच. आणि तेही संख्या म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून. एखाद्या पत्रात, चिठ्ठीत. अक्षरांना यंत्र सहसा हात लावत नाही. जसं लिहिलं तसं ठेवतं.”

इंजिनियरांनी कप बशीत फिरवला.

“मी सहा-सहा महिने समुद्रावर असायचो,” ते म्हणाले. “बंदराजवळ आलो की फोन चालू व्हायचा आणि तिचे साठलेले मेसेज एकदम पडायचे. मी काय अपेक्षा करायचो? कशी आहे, काय खाल्लं, माझी आठवण येते का. आणि यायचे नुसते आकडे. अक्षांश, रेखांश. खाली-वर काही नाही. अहो, मी दिवसभर जहाजावर तेच बघत होतो. घरून तरी दुसरं काही यावं असं वाटायचं. एकदा मी तिला लिहिलं, हे काय पाठवतेस, दोन ओळी माणसासारख्या लिही. तिनं उत्तर दिलं नाही. आकडे मात्र पाठवत राहिली. नंतर मी ते उघडायचं सोडून दिलं.”

काटेबाईंनी कप बाजूला केला. “तो फोन कुठे आहे?”

“घरी. ती गेल्यापासून चालू केलेला नाही.” मग हळूच म्हणाले, “धीर झाला नाही.”

ते जाऊन फोन घेऊन आले, पण तो चालू व्हायला वेळ लागला. मेसेज होते, अकरा वर्षांचे, एकाखाली एक, पाठवल्याच्या तारखेसकट. काटेबाईंनी पहिला वाचला. अक्षांशाचा दशांश .१९४६८१२, रेखांशाचा .४८१६५३७. सात-सात आकडे. त्यांनी यादीतली त्याच तारखेची नोंद काढली. तिथे .१९४७ आणि .४८२ होतं.

“जुळलं,” त्या म्हणाल्या. “हा मेसेज सहा आकड्यांत बसवला तर बरोबर यादीतलाच आकडा होतो. दुसरा वाचा.”

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ते वाचत होते आणि त्या खूण करत होत्या. इंजिनियर वाचताना मध्येच थांबत. हा आला तेव्हा मी अमुक बंदरात होतो, असं म्हणत. हा उघडला नव्हता. हाही नव्हता. त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. पण ते थांबले नाहीत. चारशे बाराच्या चारशे बारा नोंदींवर खूण झाली.

“संपलं,” काटेबाई म्हणाल्या.

“नाही,” इंजिनियर म्हणाले. “इथे एक जास्त आहे.”

६

फुलं आली त्या दिवशी सकाळी सहाजण दलदलीत उतरले. समितीचे दोघं, साहेब, डॉक्टर, काटेबाई आणि इंजिनियर. काकू आल्या नाहीत. त्यांनी डब्यात सगळ्यांचं जेवण पाठवलं आणि प्रत्येक डब्यावर नाव लिहून पाठवलं.

डॉक्टर पुढे होते, हातात यंत्र. पहिल्या ठिकाणी ते थांबले, गुडघ्यावर बसले, गवत दोन हातांनी बाजूला केलं. बोटभर देठावर तीन पांढरी फुलं होती. त्यांनी मुळाशी नखानं शेवाळ उकरलं. पत्र्याची चकती निघाली. डॉक्टरांनी क्रमांक मोठ्यानं वाचला, मग दुसऱ्यांदा वाचायला गेले तर त्यांना वाचता येईना. साहेबांनी चकती त्यांच्या हातातून घेऊन वाचली.

मागच्या वर्षीचं वर्तुळ तिथून चाळीस मीटरवर होतं. समितीनं ठोकलेली खुंटी अजून दिसत होती.

दुपारपर्यंत वीस ठिकाणं झाली. सतरा ठिकाणी रोप होतं, दोन ठिकाणी नुसती चकती, एका ठिकाणी पाणी. समितीतल्या ज्येष्ठ माणसानं जागच्या जागी वहीत लिहिलं की रस्ता दुसरीकडून न्यावा लागेल. साहेब एवढंच म्हणाले की दुसरीकडून नेला तरी आईला चालेल, लवकर न्या म्हणजे झालं.

मग काटेबाई आणि इंजिनियर जास्तीच्या मेसेजकडे निघाले. तो यादीत नव्हता. त्याची तारीख सात वर्षांपूर्वीची, फुलांच्याच दिवसांतली. ती तारीख इंजिनियरांनी दोनदा बघितली होती.

ते ठिकाण दलदलीच्या मध्यावर होतं. गवत संपलं आणि एक उंचवटा लागला, कोरडा, दोन खाटांएवढा. वर सपाट खडक होता. त्यांनी खडकाभोवतीची माती तपासली, फटी तपासल्या. रोप नव्हतं, चकती नव्हती.

“चुकला असेल आकडा,” इंजिनियर म्हणाले.

“ताईंचा आकडा चुकत नाही,” काटेबाई म्हणाल्या. “वर या.”

ते वर आले. खाली चालताना फूल एकेक दिसत होतं, तेही गवत सारून. इथून ऊन तिरपं पडलेलं होतं आणि गवताच्या मधून सगळी एकदम दिसत होती. जिथवर नजर जात होती तिथवर, इथे चार, तिथे दहा, मध्ये मोकळं सोडून पुन्हा एक. कुठलीही ओळ नव्हती.

इंजिनियरांनी खिशातून फोन काढला.

“त्या आठवड्यात मी घरी यायचो होतो,” ते म्हणाले. “सुट्टी मंजूर झाली होती. तिला कळवलं होतं. मग दुसऱ्या जहाजावर माणूस कमी पडला, मी म्हटलं, जाऊन येतो, घर काय पळून जातंय. तिला तसं लिहिलं.” त्यांनी फोन पुढे धरला. “मी लिहिल्यावर तासाभरानं हा मेसेज आहे. मी तो आत्ता, परवा उघडला.”

काटेबाईंचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि लोक अशा वेळी जे बोलतात त्याचं वजन किती असतं हे त्यांना माहीत होतं.

खालून डॉक्टरांची हाक आली. बाकीची माणसं परत निघाली होती.

“तुम्ही व्हा पुढे,” इंजिनियर म्हणाले. “मला वाट सापडेल.”

काटेबाई उतरल्या. चिखलात पाय कुठे टाकायचा ते बघत त्या बऱ्याच लांब आल्या आणि मग वळून बघितलं. ते खडकावर बसले होते आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते, घराच्या दारात सोडाव्यात तशा, सावकाश, एकेक करून.